रायफलीची तीट

बंदुकीला चिंच लावू नये, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. तांब्याला लावावी, पितळेला लावावी, हे आईनं, सासूनं, चुलत्यांच्या बायकांनी, सगळ्यांनी सांगून ठेवलं होतं. पण आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या घरी बंदूक आली नव्हती, तर ती घासायची कशी हे शिकवणार तरी कोण? हे मी आधीच लिहून टाकते. पुढचं वाचताना माझी चूक किती आणि अडाणीपणा किती, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

माझे यजमान पंधरा वर्षं फौजेत काढून गावी परतले, तेव्हा लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. रेणापूरजवळच्या आमच्या खेड्यात त्यांना सगळे फौजी म्हणायचे. मी तोंडावर ‘अवो’ म्हणायची आणि मनात फौजीच. इथंही तसंच म्हणते. उंचीनं बेताचे, पण चालायचे असे की मागून बघणाऱ्याला वाटावं पुढं बँड आहे. बुद्धवंदनेला विहारात सगळ्यांच्या आधी हजर. वंदना झाली की बायकांना उभं करून सांगायचे, नजर-बिजर काही नसतं, दाराला लिंबू-मिरची बांधाल तर मी स्वतः तोडून टाकीन. एकदा शेजारणीच्या दारातलं खरंच तोडलं. ती चार महिने आमच्याशी बोलली नाही.

नव्या जिल्ह्यासोबत लातुरात नव्या कचेऱ्या आल्या, बँकांच्या शाखा आल्या, आणि त्यांच्या दारात उभं राहायला माणसं लागू लागली. एका शाखेत फौजींना शब्द मिळाला. अट एकच, स्वतःची लायसनची बंदूक पाहिजे, ती कारागिराकडून तपासलेली पाहिजे आणि पोलिसांच्या मैदानावर चालवून दाखवली पाहिजे. पाऊस दुसऱ्या वर्षीही फिरकला नव्हता. मी खडीच्या कामावर जात होते, आमची मुलगी पाळण्यात होती, आणि घरात कमावणारं म्हणावं असं माझ्या हातोडीशिवाय काही नव्हतं. ती नोकरी आम्हाला किती हवी होती हे निराळं सांगायला नको.

धर्माबादकडच्या एका आडत व्यापाऱ्याची रायफल फौजींनी घेतली. कागदपत्रं होऊन ती घरी आली त्या दिवशी सतरंजी अंथरून त्यांनी मला ती दाखवली. नळीवरचा नंबर, बोल्टवरचा, म्हणजे मागच्या सरकत्या खिट्टीवरचा, तोच नंबर, लाकूड, सगळं बोट ठेवून दाखवलं.

“एक ओरखडा दाखव,” म्हणाले. “एक जरी सापडला तर सांग.”

मला ओरखडा सापडला नाही, पण नळी काळी दिसली. कढईच्या बुडासारखी काळी. मला वाटलं, आडत्याच्या घरी कुणी नीट घासलीच नाही. दुसऱ्या दिवशी ते कचेरीच्या कामानं लातूरला गेले, आणि मी त्यांना खूष करायचं ठरवलं. रायफल काढली, चिंच भिजवली, चुलीतली राख घेतली आणि बसले घासत. आमच्याकडं तेव्हा भांडी कोरड्या राखेनंच निघायची, कारण टँकर तीन दिवसांनी यायचा आणि माणशी दोन घागरी मिळायच्या. तरी नवऱ्याच्या बंदुकीसाठी सासूच्या नकळत एक तांब्या पाणी काढलं आणि ओतून खळखळून धुतली.

पाणी ओघळलं आणि मी वाकून बघितलं. जिथं घासलं होतं तिथला काळा रंग निघून रुपयाएवढं पांढरंफटक लोखंड दिसत होतं. तो मळ नव्हता, तो रंगच होता. मी पदरानं पुसलं, फुंकलं, पुन्हा पुसलं. पांढरं ते पांढरंच. मग नजर पाळण्याशेजारच्या डबीवर गेली. एरंडेलाच्या दिव्यावर थाळी उपडी धरून मी मुलीसाठी काजळ धरायची, त्यात कापूर घालायची. त्यातलं बोटभर काढून त्या डागावर लावलं, नीट पसरलं. दोन हातांवरून काही कळत नव्हतं. मी रायफल जागेवर ठेवली आणि देवाचं नाव घेणार होते, पण आमच्याकडं ते घ्यायची सोय नव्हती.

फौजी परत आले. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी अंगणात बसून फडक्यानं रायफल पुसायचे. मी भाकरी थापता थापता चोरून बघायची. काहीच बोलले नाहीत. मी मनात म्हटलं, सुटले.

आता कारागीर शोधायचा होता. तपासणी तर हवीच होती, शिवाय रायफलीचं लाकूड कापून आखूड करायला हवं होतं. आडत्या ताडमाड उंच होता आणि रायफल त्याच्या हातांच्या मापाची. फौजींनी खांद्याला लावली की मान पुढं ताणावी लागायची आणि बोट घोड्यावर नीट पोचायचं नाही.

पहिला कारागीर लातुरातच भेटला. पंधरा दिवस ठेवून जा म्हणाला. फौजींनी फळीकडं बघितलं, तर तिथं सुट्या बोल्टांचा ढीग, एकाही बोल्टाला बंदूक नाही. लोकांचे चांगले भाग काढून झिजलेले बसवणारे असतात हे त्यांनी ऐकलेलं होतं. रायफल उचलून तसेच बाहेर पडले. दुसरा उदगीरला. त्यानं ठेवून घेतो म्हटलं नाही, पण तपासायची त्याची रीत अशी की रायफल गाडीच्या चाकाला बांधायची आणि लांबून दोरीनं घोडा ओढायचा.

“जी तू खांद्याला लावत न्हाईस, ती मी कशी लावू?” फौजींनी विचारलं. त्यावर तो हसला म्हणे. घरी येऊन मला हे सांगताना त्यांचा आवाज बसला होता. मैदानावर हजर व्हायची तारीख जवळ येत होती.

शेवटी उदगीरहून परतताना एसटीत एक म्हातारा पहारेकरी भेटला. त्यानं नांदेडच्या जुन्या वस्तीतल्या एका उस्तादांचा पत्ता दिला. “ते बंदूक ठेवून घेत न्हाईत,” म्हणाला. “मालकाला समोर बसवतात. आन् दुरुस्तीनंतरची पयली गोळी स्वतःच्या खांद्यावरून मारतात. तवाच मालकाच्या हातात देतात.”

दोन दिवस राहावं लागेल म्हणून फौजींनी मलाही सोबत घेतलं. लग्नानंतर आम्ही दोघांनी मिळून केलेला तो पहिला प्रवास. मुलीला सासूकडं ठेवलं. अहमदपूर, लोहा करत एसटी निघाली. रायफल खोळीत घालून फौजींनी दोन गुडघ्यांत उभी धरली होती. दोन्हीकडं रानं भाजून पडलेली. कंडक्टरनं त्या खोळीचं तिकीट मागायचं धाडस केलं नाही. माझ्या मनात मात्र एकच चालू होतं, त्या उस्तादांनी डाग पुसला तर?

उस्ताद सत्तरीचे असतील. पांढरी दाढी, उजव्या कानानं कमी ऐकू येणारे, काठी टेकत चालणारे, हाताची बोटं तेलानं काळी. त्यांचे वडील निजामाच्या वेळी बंदुका दुरुस्त करायचे. पुढं दुकान, मागं घर, मधे तागाचा पडदा. मी पडद्याशी, उंबऱ्यावर बसले. त्यांनी पांढरं कापड अंथरलं, बोल्ट काढला, नंबर ताडून पाहिला, नळीतून उजेडाकडं बघितलं आणि मान हलवली. मग रॉकेलचं फडकं घेऊन नळी पुसायला सुरुवात केली. फडकं त्या जागेजवळ आलं.

तेवढ्यात फौजींनी हात आडवा घातला.

“उस्ताद, तेवढी जागा राहू द्या.”

“कायकू?”

फौजी खाली बघत होते. नव्या नवरदेवासारखं तोंड झालं होतं त्यांचं. हळू बोलायला गेले, पण उस्तादांना हळू ऐकू येत नव्हतं, म्हणून मोठ्यानं सांगावं लागलं. “घरच्यांनी लावलीय. तीट हाय ती, काजळाची. बंदुकीला नजर लागू न्हाई म्हनून. आमी मानत न्हाई हे असलं काई. पन तिनं लावली, तर आठ दिस झाले, तेवढी सोडून पुसून राहिलो.”

मी उंबऱ्यावर बसल्या जागी विरघळले. ज्या माणसानं शेजारणीची लिंबू-मिरची तोडली, तो रोज सकाळी माझ्यासमोर बसून रुपयाएवढी जागा चुकवून रायफल पुसत होता. बाळाच्या गालाला लावतात तशी तीट मी त्यांच्या रायफलीला लावली, असं समजून. भांडून विचारलं नाही, विहारात चेष्टा केली नाही, स्वतःचा नियम गुपचूप मोडला. इतकं प्रेम माझ्या वाट्याला आलेलं मला आठ दिवस कळलंही नव्हतं, आणि जे आलं होतं ते मी कमावलेलं नव्हतं. रडू येत होतं आणि लाजही वाटत होती.

उस्तादांनी अंगठा त्या डागावरून अलगद फिरवला, नाकाशी नेला आणि माझ्याकडं बघितलं. “एरंडी. कपूर भी है,” एवढंच म्हणाले. फडकं बाजूला ठेवलं.

मग माप घेतलं. फौजींना उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि म्हणाले, “फौजी, अब उठाव.” डोळे मिटूनच रायफल खांद्याला लावायची, मग उघडायचे. उघड्या डोळ्यांनी माणूस मान वाकवून सांभाळून घेतो, मिटल्या डोळ्यांनी शरीर खरं सांगतं, असं त्यांचं म्हणणं. पाच वेळा करवलं आणि खडूनं लाकडावर रेघ ओढली. दोन बोटं रुंद लाकूड कापायचं ठरलं.

“कल पहली गोली मैं मारता,” उस्ताद म्हणाले. “उसके पहले सब बोलना. कधी पडली? पाणी गेलं? कुणी खोललं?”

“पान्याचा थेंब लागला न्हाई,” फौजी छातीवर हात ठेवून म्हणाले. “माझ्या घरात हाय. मी जबान देतो.”

उस्तादांनी मान डोलावली. फौजीची जबान त्यांना पुरेशी होती. लाकूड काढून आतली नळी बघायची गरज उरली नाही, नुसता मागचा दस्ता कापायचा, असं ते बोलले आणि करवत काढली.

दुपारी उस्तादांच्या बेगमनी मला आत बोलावलं. ज्वारीची भाकरी आणि पातळ डाळ. एकाच थाळीत आम्ही दोघी जेवलो. माझ्या सासूला हे सांगितलं असतं तर तिला आनंदाश्रू आले असते. तिच्या लहानपणी तिला गावात अंगणाबाहेर उभं करून लांबून भाकरी टाकायचे. बेगम बोलक्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, “पहली गोली का दिन मेरे को बहुत भारी जाता. ये निकले की मैं जानमाज बिछाके बैठती. वापस आये, इनकी लकडी की आवाज सुनी, तब उठती. चालीस बरस हुए.”

हातातला घास मी खाली ठेवला. नळी आणि लाकूड भिडतात तिथं मी तांब्याभर पाणी ओतलं होतं. चिंचेचं पाणी. ते कुठं गेलं असेल, काय करत असेल, मला काही कळत नव्हतं. पण ते उस्तादांना माहीत नव्हतं आणि उद्या त्या नळीमागं त्यांचा खांदा असणार होता. बोलले तर मैदान हुकेल, नोकरी जाईल. त्याहून वाईट म्हणजे ती तीट जाईल. खरं सांगते, त्या घडीला मला नोकरीपेक्षा तीट जायची जास्त भीती वाटली.

हात धुतले आणि पडदा सारून बाहेर गेले. “उस्ताद, ती तीट न्हाई,” मी म्हणाले, बहिऱ्या कानालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. “चिंचेनं घासली मी. रंग निघाला म्हनून काजळ लावलं. आन् तांब्याभर पानी ओतलं वरून.”

करवत थांबली. फौजींनी माझ्याकडं बघितलं. आधी त्यांच्या तोंडून निघालं ते असं, “आख्खा तांब्या?” दुष्काळात माणसाला पहिलं तेच सुचतं. मग बाकीचं त्यांच्या लक्षात आलं आणि ते उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

उस्तादांनी करवत खाली ठेवली. स्क्रू काढले, लाकूड अलगद उचललं. खाली नळीवर तांबूस गंजाचा पट्टा पसरला होता, थेट काडतूस बसतं त्या जागेपर्यंत. त्यांनी नखानं खरवडून बघितलं, भिंग लावून बघितलं.

“अब्बी ऊपर ऊपर है,” म्हणाले. “उद्या कदाचित काही झालं नसतं, बेटी. बरसात निघेपर्यंत गंजानं लोखंड खाऊन टाकलं असतं. पण कदाचितवर मी खांदा ठेवत न्हाई.” मग हाक मारली, “फौजी, अंदर आव. मालिक सामने बैठना पडता.”

ते आले, बसले, पण तोंड बंद. उस्तादांनी गंज काढला आणि नवा रंग चढवायला घेतला. त्यांची रीत ऐकून मी चक्रावले. औषध लावून मुद्दाम बारीक गंज आणायचा, उकळत्या पाण्यात नळी बुडवायची म्हणजे तो काळा पडतो, मग घासायचा आणि पुन्हा तेच. नदी आटली होती, पात्रातल्या झिऱ्यावरून वाटीवाटीनं पाणी भरून आणावं लागे. ते काम मी मागून घेतलं. दोन दिवस मी कळशी भरून आणत होते आणि फौजी भट्टीपुढं बसून होते. प्रत्येक खेपेला मला वाटायचं, आता बोलतील.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कळशी उतरवली तेव्हा बोलले. “म्हंजी ती तीट न्हवतीच.”

“न्हाई.”

“झाकायला लावलं व्हतं.”

“हाव.”

“मला वाटलं…” आणि पुढचं त्यांनी गिळलं. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मी दोन शब्द जास्त बोलले असते आणि भांडण मिटलं असतं. पण त्यांचं काहीतरी हरवलं होतं आणि ते माझ्यामुळं हरवलं होतं. नळी मात्र तोवर काळीभोर झाली होती, आडत्याच्या वेळेपेक्षाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद आणि फौजी गावाबाहेरच्या खडीच्या खाणीकडं निघाले. बेगमनी नमाजाची ती चटई, जानमाज, अंथरली. मी शेजारी जमिनीवर बसले. मला त्यांची दुआ येत नव्हती, मी आपली त्रिसरण-पंचशील म्हणत राहिले. खाण लांब होती, आवाज ऐकू येणं शक्य नव्हतं, तरी आम्ही दोघी कान देऊन होतो. ऊन दारातून आत आलं, पडद्यापर्यंत पोचलं. त्या बाईनं चाळीस वर्षं हे कसं काढलं असेल ते मला त्या एका सकाळीत कळलं. मग गल्लीत काठी वाजली. बेगमनी डोळे मिटले, हात तोंडावरून फिरवले आणि जानमाजची घडी घातली.

पुढं उस्ताद, मागं त्यांची पिशवी घेऊन फौजी. “दूसरी फौजीने मारी,” उस्ताद म्हणाले. “सीधी लगी.” जाताना त्यांनी दस्त्याची कापलेली दोन बोटांची चकती माझ्या हातात ठेवली. अक्रोडाचं लाकूड, गुळगुळीत. “बेटी, लोहे को तेल. इमली दाल में,” म्हणाले आणि बेगमसकट सगळे हसलो. फौजीही हसले, पण माझ्याकडं न बघता.

पोलिसांच्या मैदानावर रायफल पास झाली. नोकरी मिळाली. पहिल्या दिवशी फौजी पहाटेच उठले, खाकी घातली, बूट घातले. मी डबा भरत होते. मुलीची काजळाची डबी त्या अक्रोडाच्या चकतीवर ठेवलेली होती. फौजी दारापर्यंत गेले, थांबले, माघारी आले आणि रायफल आडवी करून माझ्यापुढं धरली.

“लाव,” म्हणाले.

“काय?”

“लावली न्हवतीस ती.”

मी डबी उघडली. बोट काळं केलं. रायफलीला मात्र हात लावला नाही, उस्तादांनी एवढ्या मेहनतीनं दिलेल्या रंगावर मी पुन्हा काही लावणार नव्हते. त्यांची टोपी वर केली आणि कानामागं, कुणाला दिसणार नाही अशा जागी, लहानशी तीट लावली. ते मान वाकवून शांत उभे राहिले. मग टोपी नीट केली आणि एसटी गाठायला निघाले, पुढं बँड असल्यासारखे.

त्यानंतर वीस वर्षं रोज सकाळी हे चाललं. नजर-बिजर काही नसतं हे विहारात सांगणंही तसंच चालू राहिलं. मी कधी त्यावरून चिडवलं की म्हणायचे, “ही नजरेची थोडीच हाय?” कशाची आहे ते मात्र सांगायचे नाहीत. निवृत्त झाल्यावर रायफल पोलीस ठाण्यात जमा केली. तिच्यावर तोवर एक ओरखडा नव्हता. तीट चालूच राहिली, विहारात जायचं असो नाहीतर दवाखान्यात जायचं.

शेवटच्या सकाळी त्यांना उशीवरून मान उचलता येईना. मी डबी उघडली तसं त्यांनी सवयीनं मान वाकवायला बघितली. मी म्हटलं, असू द्या, आणि मीच खाली वाकले.